जुन्या मसल कारला टॉर्क कन्व्हर्टर कुठला घ्यावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी कुणी ना कुणी दर उन्हाळ्यात जुनी शेव्हेल, कॅमारो, मस्टँग नाहीतर डॉज चार्जर अशी मोठ्या इंजिनाची मसल कार दारात आणून उभी करतो. इंजिनाचं काम उरकलं की ठरलेला प्रश्न येतो: "कन्व्हर्टर किती स्टॉलचा टाकू?" खालची उत्तरं साधारण १९६४ ते १९७४ मधल्या, मुख्यतः रस्त्यावर चालवायच्या गाड्यांसाठी आहेत. उदाहरणांत १९७० ची शेव्हेल मालिबू वारंवार येईल: ३५० इंजिन (हा आकडा क्युबिक इंचांतल्या क्षमतेचा), टर्बो ३५० नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मागचा गिअर, म्हणजे मागच्या ॲक्सलचं प्रमाण, ३.०८. ही जोडी मला नटबोल्टांसकट ठाऊक आहे, म्हणून ती घेतली.

पुण्यात शोरूमवाला 'टॉर्क कन्व्हर्टर' म्हणतो ते आणि हे एकच का?

शोरूमवाला अख्ख्या गिअरबॉक्सबद्दल बोलत असतो. एएमटी नको, सीव्हीटी नको (हे ऑटोमॅटिकचे दुसरे प्रकार), तर हा घ्या, असं. इनोव्हा क्रिस्टा ऑटोमॅटिकमध्ये मिळायची तेव्हा तिच्यातही हाच भाग असायचा, पण तिथे तो कंपनीनं ठरवून दिलेला, तुम्हाला निवडायचं काही नसायचं.

इथे आपण बोलतोय ते इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधल्या बंद, वेल्ड केलेल्या डब्याबद्दल. आत तेल आणि पात्यांची तीन चक्रं. इंपेलर डब्यालाच जोडलेला, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणारा. टर्बाइन गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसलेलं. आणि दोघांच्या मध्ये स्टेटर, जो एकाच दिशेनं फिरू शकतो. इंपेलर तेल फेकतो, त्या तेलाच्या माऱ्यानं टर्बाइन फिरतं. टर्बाइनमधून परतणारं तेल उलट्या दिशेनं येऊन इंपेलरला अडवेल, तेवढ्यात स्टेटर त्याची दिशा वळवतो आणि तेच तेल इंपेलरला ढकलायला लागतं. गाडी जागेवर असताना टॉर्क जवळजवळ दुप्पट होतो तो यामुळे. टर्बाइनचा वेग इंपेलरच्या जवळ पोहोचला की ही वाढ संपते, स्टेटर मोकळा फिरू लागतो आणि डबा नुसता जोडणीचं काम करतो.

कल्पना जर्मन इंजिनिअर हर्मान फॉटिंगर यांची, पेटंट १९०५ चं आणि तेही जहाजांसाठी. अमेरिकन गाड्यांत ती १९४८ च्या ब्युइकच्या डायनाफ्लोमधून आली.

स्टॉल स्पीड म्हणजे नेमकं काय?

टर्बाइन घट्ट धरून ठेवलंय आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलाय, अशा वेळी इंजिन जास्तीत जास्त जितक्या आरपीएमपर्यंत चढू शकतं, तो स्टॉल. त्याच्यावर ते जाऊ शकत नाही, कारण तेवढ्या वेगाला तेलाचा विरोध आणि इंजिनाची ताकद बरोबरीत येतात.

कंपनीनं दिलेल्या साध्या कन्व्हर्टरचा स्टॉल बहुतेक १,६०० ते २,००० च्या दरम्यान असतो. त्याच्या वरच्याला लोक 'लूज' म्हणतात, खालच्याला 'टाइट'.

एक गैरसमज इथेच मोडून टाकू. २,८०० स्टॉलचा कन्व्हर्टर म्हणजे २,८०० होईपर्यंत गाडी हलणारच नाही, असं नसतं. सिग्नल सुटल्यावर ब्रेकवरचा पाय काढलात की गाडी सरकते आणि हलक्या पायानं चालवली तर १,५०० लाही निवांत चालते. स्टॉलचा आकडा पूर्ण दाबलेल्या ॲक्सिलरेटरचा असतो.

डब्यावर २,५०० लिहिलंय, माझ्या गाडीत २,२०० च दिसतात. फसवलं का?

बहुधा नाही. स्टॉल हा एकट्या कन्व्हर्टरचा गुण नाही, तो कन्व्हर्टर आणि इंजिन यांच्या जोडीचा आहे. या एका गोष्टीत निम्मे प्रश्न सुटतात.

कन्व्हर्टर बनवणारे 'के फॅक्टर' वापरतात. के म्हणजे स्टॉलचे आरपीएम भागिले टॉर्कचं वर्गमूळ. समजा एका कन्व्हर्टरचा के १३० आहे. ३०० पाउंड-फूट टॉर्कच्या इंजिनामागे तो सुमारे २,२५० ला थांबेल, ४०० च्या मागे २,६०० ला आणि ५०० च्या मागे २,९०० ला. डबा तोच. १९७० च्या शेव्हेलमध्ये एलएस ६ प्रकारचं ४५४ इंजिन मिळायचं, त्याचा कागदावरचा टॉर्क ५०० पाउंड-फूट होता. त्या इंजिनामागे २,९०० दाखवणारा कन्व्हर्टर मित्रानं दिला आणि तुम्ही तो साध्या ३५० ला लावलात, तर २,९०० येणार कुठून?

डेन्व्हरकडच्या मंडळींनी आणखी एक हिशेब धरायचा. मैलभर उंचीवर साध्या कार्ब्युरेटरच्या इंजिनाची ताकद साधारण १५ टक्क्यांनी उतरते. समुद्रसपाटीला ३०० देणारं इंजिन तिथे २५० च्या आसपास देतं आणि तोच के १३० चा डबा २,०५० वर येऊन थांबतो.

मोठा स्टॉल म्हणजे जास्त पिकअप, बरोबर ना?

अर्धवट बरोबर. म्हणून तर घोटाळा होतो.

इंजिनाचा टॉर्क सगळ्या आरपीएमला सारखा नसतो. साध्या ३५० ला खालीच भरपूर ताकद असते, शिखर २,८०० च्या आसपास. त्याला १,८०० चा कन्व्हर्टर दिला तरी सिग्नलवरून सुटताना ते कुंथत नाही. आता त्याच इंजिनात मोठा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) बसवा. वर ५,५०० ला ते गर्जेल, पण २,००० च्या खाली मरगळलेलं असेल. तिथे १,८०० चा कन्व्हर्टर इंजिनाला नेमका त्या मरगळीत अडकवून ठेवतो. गाडी सुटते ती धापा टाकत, आणि मग २,८०० ओलांडले की एकदम अंगावर येते. अशा इंजिनाला वरचा स्टॉल दिला की ते सुरुवातीलाच आपल्या बळाच्या पट्ट्यात पोहोचतं. फायदा आहे तो हा.

ढोबळ नियम असा की स्टॉल टॉर्कच्या शिखराच्या ५०० ते ७०० आरपीएम खाली पडावा. शिखर २,८०० ला असताना ३,५०० चा कन्व्हर्टर लावणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. इंजिन नुसतं ओरडतं, गाडी मागून निवांत येते आणि मधला फरक तेलात उष्णता होऊन जातो.

जनरल मोटर्सनं या पेचावर एक सुरेख तोडगा काढला होता. १९६५ ते ६७ मधल्या ब्युइक, ओल्ड्समोबिल आणि कॅडिलॅकच्या टर्बो ४०० मध्ये स्टेटरची पाती कोन बदलायची. पाय पूर्ण दाबला की कन्व्हर्टर लूज, एरवी टाइट. पुढे खर्चापायी ते बंद केलं असावं असं मला वाटतं. आजही एखादा जुना ब्युइकवाला तो गिअरबॉक्स जिवापाड जपतो.

निवडताना आधी काय बघायचं?

कन्व्हर्टर सगळ्यांत शेवटी निवडायचा. इंजिन, कॅम, मागचा गिअर, टायर आणि गाडीचं वजन ठरल्यावर. लोक नेमकं उलटं करतात: ब्लॅक फ्रायडेला सवलतीत डबा घेऊन ठेवतात आणि मग त्याच्याभोवती गाडी जुळवायला बसतात.

सर्वांत दुर्लक्षित आकडा म्हणजे हायवेवरचे आरपीएम. तो घरच्या घरी काढता येतो: ताशी मैल गुणिले मागचा गिअर गुणिले ३३६, भागिले टायरचा व्यास इंचांत. तीन गिअरच्या बॉक्समध्ये टॉप गिअर सरळ १:१ असतो, म्हणून वेगळं काही धरायचं नाही. २६ इंची टायर, वेग ६५ मैल, म्हणजे आपल्या हिशेबानं १०५ किलोमीटर:

२.७३ गिअरला सुमारे २,२९० आरपीएम
३.०८ ला २,५९०
३.७३ ला ३,१३०
४.१० ला ३,४४०

आता ३.०८ च्या मालिबूत ३,२०० चा कन्व्हर्टर टाकलात असं धरा. सपाट रस्त्यावर हलक्या पायानं काही बिघडणार नाही, कारण तेवढ्याला इंजिनाचा थोडाच टॉर्क लागतो आणि घसरणही थोडीच होते. पण पेनसिल्व्हेनियातला लांबलचक चढ आला, घरचे चौघं आणि डिकीत सामान असलं, की पाय दाबावा लागतो. आरपीएम उडी मारून वर जातात, वेग तिथेच, आणि तेलाचा काटा चढायला लागतो. रस्त्यावरच्या गाडीला स्टॉल हायवेच्या आरपीएमच्या खाली असावा, हा नियम मी तरी सोडत नाही.

मग वजन. शेव्हेल रिकामी दीड टनाच्या पुढे भरते. शेव्हरलेच्याच हलक्या नोव्हाला जो डबा चपळ वाटतो तोच हिला ढिला वाटतो.

आणि वापर. वर्षातून किती वेळा ड्रॅग स्ट्रिपवर (सरळ रेषेतल्या शर्यतीच्या पट्ट्यावर) जाणार आणि किती वेळा आइसक्रीम खायला? उत्तर स्वतःला खरं द्यायचं. कन्व्हर्टर बहुसंख्य दिवसांसाठी घ्यायचा.

माझं इंजिन साधंच आहे, कॅमसुद्धा कंपनीचा. बदलण्यात अर्थ आहे का?

जुना नीट चालत असेल तर नाही. बदलायचाच झाला तर कंपनीच्या मापाचा, किंवा फार तर २,००० ते २,२०० चा. उरलेले पैसे मागच्या गिअरमध्ये घाला. ३.०८ काढून ३.५५ च्या आसपासचा बसवला, तर गाडीचा स्वभाव कन्व्हर्टरपेक्षा जास्त बदलतो.

कॅम मोठा टाकलाय. 'ड्राइव्ह'मध्ये टाकलं की इंजिन बंद पडतं.

हे लक्षण अगदी पाठ झालेलं आहे. न्यूट्रलमध्ये ८५० ला धडधडत उभी असते, गिअर टाकला की ५०० वर येऊन गचके देते आणि बंद. लोक आयडल वाढवतात. मग गिअर टाकताना धाडकन आवाज येतो आणि सिग्नलला ब्रेकवर उभं राहावं लागतं. टाइट कन्व्हर्टर आयडललाच इंजिनावर ओझं टाकतोय, खरं दुखणं ते.

कॅमच्या कार्डावर ०.०५० इंच लिफ्टला (उचलीला) मोजलेली ड्युरेशन, म्हणजे व्हॉल्व्ह किती अंश उघडा राहतो ते, लिहिलेली असते. ती २१० अंशांच्या आत असेल तर कंपनीचा कन्व्हर्टर चालतो. २२० च्या आसपास २,२०० ते २,५०० बघा. २३० च्या पुढे २,८०० ते ३,००० आणि त्याबरोबर ३.५५ किंवा ३.७३ चा गिअरही. हे आकडे ३५० क्युबिक इंचांच्या जवळपासच्या इंजिनांना धरून आहेत. ४५४ मध्ये तोच कॅम बराच सौम्य वागतो.

कन्व्हर्टर मागवायच्या आधी इग्निशन टायमिंग आणि व्हॅक्यूम गळती मात्र तपासा. पाच डॉलरची होज फाटलेली असते आणि माणूस गिअरबॉक्स उतरवायला निघतो. मोठ्या कॅमनं व्हॅक्यूम एरवीच पडतं, त्यात पॉवर ब्रेक जड होतात, आणि टर्बो ३५० चा व्हॅक्यूम मॉड्युलेटरही त्याच व्हॅक्यूमवर गिअर कधी बदलायचा ते ठरवतो.

मापानं बनवून घेताना फॉर्मवर हॉर्सपॉवर किती लिहू?

आहे ती. माहितीपत्रकातली लिहू नका. १९७१ पर्यंतचे आकडे 'ग्रॉस' असायचे: इंजिन स्टँडवर, एअर क्लीनर नाही, कंपनीचा एक्झॉस्ट नाही, अल्टरनेटरचं ओझं नाही. १९७२ पासून 'नेट' आकडे आले आणि शेव्हेलचं दोन बॅरलच्या कार्ब्युरेटरचं ३५० एका वर्षात २४५ वरून १६५ वर दिसू लागलं. इंजिन फारसं बदललं नव्हतं, मोजणी बदलली होती.

मोठा आकडा लिहिला की बनवणारा त्या टॉर्कला पुरेल इतका टाइट डबा बांधतो. तुमच्या खऱ्या इंजिनामागे मग स्टॉल अपेक्षेपेक्षा खाली येतो. दोष कुणाचा? कॅम कार्डाचा फोटो, कॉम्प्रेशन, मागचा गिअर, टायरचा व्यास, गाडीचं वजन, राहता त्या गावाची उंची, सगळं पाठवा. डायनोचा (ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) कागद असेल तर उत्तम. चांगला बनवणारा उलट तुम्हालाच दहा प्रश्न विचारतो. जो फक्त "कितीचा हवा?" विचारतो, त्याच्याकडून घेऊ नका.

व्यासाचं काय? लहान डबा म्हणजे जास्त स्टॉल?

सर्वसाधारणपणे हो. कंपनीचे १२-१३ इंची, रस्त्यावरचे गरम डबे १० ते ११ इंची, स्ट्रिपवरचे ८-९ इंची. लहान डबा हलका असतो, म्हणून इंजिन चटकन चढतं. पण नुसत्या व्यासावर जाऊ नका. आतल्या पात्यांचा कोन आणि स्टेटर बदलून एकाच व्यासात हजार आरपीएमचा फरक पाडता येतो. जुन्या १२ इंची डब्याची पाती वाकवून स्टॉल 'वाढवलेला' स्वस्त माल मिळतो. तो वर नेतो खरा, पण हायवेवरही घसरतच राहतो. नीट बांधलेला १० इंची डबा पूर्ण पाय दाबल्यावर लूज आणि चालत्या गाडीत टाइट वागतो. जास्तीचे पैसे त्याचेच.

नायट्रस (ताकद वाढवणारा वायू) किंवा ट्रान्सब्रेक (सुटण्याआधी गिअरबॉक्सच अडवून धरणारी सोय) वापरणार असाल तर डबा फुगू नये म्हणून आतून जाड प्लेट लावलेला आणि पाती ब्रेझ केलेला प्रकारच घ्या.

माझ्या गाडीला बसेल का, हे कसं ओळखायचं?

आधी गिअरबॉक्स ओळखा. गाडीत पन्नास वर्षांत काय काय बदललं असेल सांगता येत नाही, त्यामुळे खाली झोपून बघितल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

शेव्हीत, म्हणजे शेव्हरलेत, लहान इंजिनांमागे दोन गिअरचा पॉवरग्लाइड किंवा १९६९ पासूनचा टर्बो ३५०, ३९६ आणि ४५४ मागे टर्बो ४००. फ्लेक्सप्लेट (इंजिनाला कन्व्हर्टर जोडणारी दातेरी तबकडी) १५३ किंवा १६८ दातांची, कन्व्हर्टरच्या बोल्टांचं वर्तुळ १०.७५ किंवा ११.५ इंच. स्टार्टरही दातांप्रमाणे बदलतो. पॉवरग्लाइडचा पहिला गिअर १.७६ किंवा १.८२ चा, टर्बो ३५० चा २.५२ चा, म्हणून पॉवरग्लाइडला त्याच गाडीत थोडा लूज डबा लागतो.

फोर्डमध्ये २८९ आणि ३०२ मागे सी ४, मोठ्या ३९०, ४२८ मागे सी ६. कन्व्हर्टरला स्टड असतात, नट फ्लेक्सप्लेटच्या बाजूनं लागतात. सी ४ ची फ्लेक्सप्लेट १५७ किंवा १६४ दातांची.

क्रायस्लरमध्ये ३१८ मागे बहुतेक ९०४, तर ३४०, ३८३, ४४० आणि हेमी मागे ७२७. इथे शाफ्टच्या दात्यांची संख्या मध्ये बदललेली आहे, म्हणून जुना डबा बाहेर काढून दाते मोजलेलेच बरे.

आता बॅलन्स, कारण इथे हमखास गोची होते. क्रायस्लरचं ३६० इंजिन बाहेरून बॅलन्स केलेलं असतं आणि त्याचं वजन कंपनीच्या कन्व्हर्टरवरच वेल्ड केलेलं असतं. ३१८ काढून ३६० बसवलं आणि जुनाच कन्व्हर्टर ठेवला, की गाडी अशी थरथरते की लोक इंजिनच खराब समजतात. शेव्हीच्या स्मॉल ब्लॉक ४०० इंजिनाला आणि ४५४ लाही बाहेरचं वजन लागतं, पण ते फ्लेक्सप्लेटवर असतं. फोर्डच्या जुन्या ३०२ ची फ्लेक्सप्लेट २८ औंसांची, १९८० च्या दशकातल्या ५.० लिटर इंजिनाची ५० औंसांची. जुन्या मस्टँगमध्ये नवं इंजिन घातलं असेल तर तेवढं बघून घ्या.

ओव्हरड्राइव्ह बसवून लॉक-अप घेतला तर दोन्ही साधतं का?

हो, आणि हायवेवर गाडी चालवणाऱ्याला मी हेच सुचवतो. शेव्हीत ७०० आर ४ किंवा २०० ४ आर हे ओव्हरड्राइव्हचे, म्हणजे १:१ च्या पुढचा चौथा गिअर असलेले, गिअरबॉक्स बसवतात. ७०० आर ४ चा चौथा गिअर ०.७० चा. म्हणजे ३.७३ च्या मागच्या गिअरला ६५ मैलांवर ३,१३० ऐवजी सुमारे २,१९० आरपीएम. त्यात लॉक-अपचा क्लच डब्याच्या आत इंपेलर आणि टर्बाइन थेट जोडतो, घसरण शून्य. मग २,६०० चा स्टॉल ठेवूनही हायवेवर तेल थंड राहतं.

पण फुकट काही नाही. क्रॉसमेंबर (गिअरबॉक्सखालचा आडवा आधार) सरकवावा लागतो, प्रॉपेलर शाफ्टची लांबी बघावी लागते, लॉक-अपला वीज आणि स्विच द्यावा लागतो. ७०० आर ४ ची थ्रॉटल व्हॉल्व्हची केबल चुकीची लावली तर नवा बॉक्स काही मैलांत जळतो. केबलचं काम जाणत्याकडूनच करून घ्या.

गिअरबॉक्सच्या तेलाला वेगळा कूलर लागतोच का?

कंपनीपेक्षा वरचा स्टॉल असेल तर लागतोच. त्यावर घासाघीस नको.

ऑटोमॅटिकचं तेल १७५ ते २०० फॅरनहाइटच्या आसपास सुखात असतं. त्यापुढे दर २० अंशांना त्याचं आयुष्य निम्मं होतं, असा गिअरबॉक्सवाल्यांचा जुना ठोकताळा आहे. २४० च्या पुढे आत वार्निशसारखा थर धरायला लागतो. तेल गुलाबी-लाल आणि पारदर्शक असावं. डिपस्टिक पांढऱ्या कागदावर टेका. तपकिरी डाग पडला आणि जळक्या टोस्टसारखा वास आला, तर क्लच प्लेट जळायला लागल्यात.

डेट्रॉइटकडच्यांसाठी खास. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ड्रीम क्रूझ असते. फर्नडेलपासून पाँटिॲकपर्यंत गाड्यांची रांग, उन्हाचा कडाका आणि वेग चालत्या माणसाचा. कूलर नुसता रेडिएटरच्या पुढे टांगलेला असेल तर तिथे वारा लागतच नाही. स्वतःचा पंखा असलेला कूलर घ्या, नाहीतर लांब थांबलात की गिअर न्यूट्रलला टाका. तेलाच्या तापमानाचा काटा चेंबरमध्ये (गिअरबॉक्सखालच्या तेलाच्या ट्रेमध्ये) बसवून घ्या. स्टॉलचा आकडा मिरवण्यापेक्षा तो कामाचा.

बसवताना कुठे चुका होतात?

एकाच ठिकाणी, आणि ती महागात पडते. कन्व्हर्टर पूर्ण आत बसलेला नसतो.

बसवायच्या आधी डब्यात साधारण एक क्वार्ट तेल ओता. मग त्याचा हब (मधली नळीसारखी मान) तेल लावून गिअरबॉक्सच्या पंपात सरकवा आणि हलकं फिरवत, आत ढकलत राहा. पहिल्यांदा शाफ्टचे दाते पकडतात, मग स्टेटरच्या आधाराचे, शेवटी पंपाचे. प्रत्येक वेळी 'टक्' होऊन डबा आत जातो. शेवटचं 'टक्' होत नाही तोवर थांबायचं नाही. बरेचजण दोनवर समाधान मानतात.

मग बॉक्स इंजिनाला लावा. बेलहाउसिंग (गिअरबॉक्सचा पुढचा घंटेसारखा भाग) हातानं ढकलून चारही बाजूंनी इंजिनाला टेकली पाहिजे. टेकत नसेल तर बोल्टांनी ओढून आणू नका, पंपाचे गिअर फुटतात. टेकल्यावर कन्व्हर्टर मोकळा फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेट व कन्व्हर्टर यांच्यात साधारण ३ ते ५ मिलिमीटर फट हवी. त्याहून जास्त असेल तर वॉशर घालून कमी करा. अजिबात नसेल तर सगळं खाली उतरवा.

आधीचा बॉक्स जळून गेलेला असेल तर कूलर आणि त्याच्या नळ्या धुतल्याशिवाय नवा डबा जोडू नका. जुना चुरा तिथेच दडून बसलेला असतो.

बसवल्यावर खरा स्टॉल मोजायचा कसा?

ब्रेक दाबून ॲक्सिलरेटर दाबायचा, ही ओळखीची पद्धत. पण मागची चाकं त्याआधीच ब्रेकला न जुमानता फिरायला लागतात, त्यामुळे येणारा आकडा खऱ्यापेक्षा कमी असतो. चार-पाच सेकंदांच्या वर धरायचं नाही, तेल झपाट्यानं तापतं, आणि गाडीच्या पुढे कुणाला उभं करायचं नाही.

दुसरी, 'फ्लॅश' पद्धत. मोकळ्या जागी टॉप गिअरमध्ये अगदी हळू जात असताना, किकडाउन (पाय दाबल्यावर खालचा गिअर टाकणारी जोडणी) काढून ठेवून, पाय एकदम खाली दाबायचा. टॅकोमीटरचा काटा ज्या आकड्यावर झेप घेऊन क्षणभर अडतो, तो बघायचा. डब्याची जाहिरात बहुधा याच आकड्याची असते. फोनवर व्हिडिओ घ्या, डोळ्यांना काटा सापडत नाही.

कन्व्हर्टर खराब झालाय की गिअरबॉक्स?

स्टेटरचा एकदिशी क्लच गेला की दोन तऱ्हा होतात. तो दोन्हीकडे फिरू लागला तर गाडी सुटताना मेल्यासारखी, पण एकदा वेग धरला की ठीक. तो दोन्हीकडे अडकला तर सुटताना झकास, पण हायवेवर दम नाही आणि तेल तापतं. पहिल्या प्रकारात लोक कार्ब्युरेटर बदलतात, दुसऱ्यात इंधनाचा पंप. डबा बाहेर असेल तर हबमधून बोट घालून आतली दातेरी रिंग फिरवून पाहा. एका बाजूला फिरली पाहिजे, दुसऱ्या बाजूला घट्ट.

गिअरमध्ये असताना घरघर, बेलहाउसिंगखालून लाल थेंब, चेंबरमध्ये चांदीसारखी चकाकी: यातलं काहीही दिसलं तर बॉक्स उतरवावाच लागतो.

स्वॅप मीटमध्ये (जुन्या भागांच्या बाजारात) वापरलेला कन्व्हर्टर स्वस्तात मिळतोय. घेऊ?

नको. वेल्ड केलेला डबा आतून बघता येत नाही आणि आधीच्या मालकाच्या जळक्या क्लचचा चुरा त्यातच असतो. तयार नवा काही शे डॉलरला मिळतो, मापानं बांधलेला हजाराच्या आसपास आणि वर.

तेल कुठलं घालायचं?

शेव्ही आणि क्रायस्लरला डेक्सरॉन जातीचं. सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या सी ४ आणि सी ६ ला टाइप एफ. टर्बो ३५० ला एकूण सुमारे १० क्वार्ट लागतं, पण चेंबर काढल्यावर जेमतेम ४ निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्येच राहतं. तेव्हा एका बदलात तेल 'नवं' झालं असं समजू नका.

जुना, मूळचा कन्व्हर्टर भंगारात देऊ?

चालू स्थितीतला असेल तर अजिबात नको. गाडी मूळ इंजिन-गिअरबॉक्सची असेल तर विकताना गिऱ्हाईक विचारतंच. हबच्या तोंडाला प्लास्टिकची टोपी लावा, त्यावर गाडीचं वर्ष आणि गिअरबॉक्स लिहा, आणि डबा आडवा, तोंड वर करून ठेवा. टोपी लावली तरी खाली जुना ट्रे असू द्या, नाहीतर गॅरेजच्या फरशीवर लाल डाग पडतो आणि तो घासून निघत नाही.